पैनगंगेत ट्राउट सोडणाऱ्यांनो

मुलाकडे अमेरिकेत तीन महिने राहून आलेल्या गृहस्थांना परतल्यावर निदान महिनाभर आदिलाबादच्या विकासावर बोलू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी ही मंडळी तिकडची रस्त्यांची स्वच्छता आणि रांगेतली शिस्त घेऊन परतायची. ते चालायचं. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देता यायचं. आता ती ट्राउट घेऊन परततात. अंगावर खिसेच खिसे असलेलं जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन हातांत ठिपकेवाला मासा आणि मागे माँटानाचे डोंगर, असा फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. मग माणूस येतो आणि म्हणतो, "आपल्या पैनगंगेत हे का नाही? हायवेच्या पुलापासून खाली बेल्याकडे बोटी सोडायच्या. ट्राउटचं बीज आणायचं. हैदराबाद-नागपूरचे लोक रांगा लावतील."

हा विचार एकट्यादुकट्याचा असता तर मी लेखणी उचलली नसती. पण हल्ली लग्नाच्या पंगतीपासून रेल्वे स्टेशनच्या बाकापर्यंत जो तो पर्यटनतज्ज्ञ झालाय. म्हणून आधी ती सहल नक्की काय असते ते सांगतो. मी त्या बोटीत बसलोय, ऐकीव सांगत नाही.

सकाळी गाईड गाडीमागे बोट ओढत येतो. मासेमारीचं लायसन्स तुम्ही आधी काढलेलं असावं लागतं, त्याचे पैसे वेगळे. बोटीचा तळ सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली. ओरेगॉनमधल्या मॅकेन्झी नदीच्या खडकाळ, उथळ, उड्या मारणाऱ्या पाण्यावरून ती सुखरूप उतरावी म्हणून तिथल्या नावाड्यांनी आणि बोट बांधणाऱ्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही घडण बसवली. गाईड मधोमध वल्ह्यांवर, एक गिऱ्हाईक पुढे, एक मागे. बोट प्रवाहाबरोबर खाली चाललेली असते आणि गाईड दिवसभर उलट, प्रवाहाविरुद्ध वल्हवत असतो, म्हणजे बोट पाण्यापेक्षा सावकाश उतरते आणि गिऱ्हाइकाला गळ टाकायला सवड मिळते. मैलोन् मैल हा माणूस नदीला ब्रेक लावून धरतो. मागे बसलेल्याला वाटतं, बोट आपोआप चाललीय.

तुमच्या हातात नऊ फुटी काठी. दोऱ्याच्या टोकाला आकडी, आणि आकडीवर पिसं नि धागे गुंडाळून केलेली खोटी माशी. ती कुठे पडली पाहिजे ते गाईड सांगतो, तुम्ही ती भलतीकडे टाकता. पडल्यावर दोऱ्याचं पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला उचलून टाकायचं असतं, नाहीतर पाणी दोऱ्याला ओढतं, माशी पाण्यावर रेघ काढत पळते आणि ट्राउट तोंड फिरवतो. दोऱ्यावरचा रंगीत गोळा बुडाला की लगेच काठी उचलायची. तुम्ही उशिरा उचलता. सकाळचा बराच वेळ आकडी झाडात, टोपीत आणि पुढे बसलेल्या बायकोच्या बाहीत अडकवण्यात जातो आणि गाईड ती हसतमुखाने सोडवत राहतो. चुकून मासा लागलाच तर तो जाळीत घ्यायचा, हात ओले करून धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. आकडीला उलटा दात ठेवलेला नसतो, म्हणजे ती लवकर निघते. दुपारी काठावर सँडविच. संध्याकाळी खालच्या धक्क्यावर तुमची गाडी कुणीतरी आणून उभी केलेली असते, त्याचेही पैसे. मी गेलो तेव्हा दोघांचे मिळून दिवसाचे पाचशे ते सातशे डॉलर पडायचे, वर गाईडला वीसेक टक्के बक्षिसी. एकही मासा लागला नाही तरी पैसे परत मिळत नाहीत, आणि मागायचेही नसतात. मान भाजते, खांदे धरतात. तरीही मजा येते, हे मी नाकारत नाही.

आता प्रश्न असा, की या सगळ्यात आमच्या मंडळींना दिसलं काय? मासा दिसला, जाकीट दिसलं. मधे बसून उलट वल्हवणारा माणूस दिसला नाही, आणि बोटीखालचं पाणी तर मुळीच दिसलं नाही.

आधी पाण्याचं बोलू. माँटाना राज्याने १९६९ साली कायदा करून आपल्या बारा नामांकित नद्या-ओढ्यांमध्ये माशांसाठी पाण्याचा हक्क नोंदवायची सोय केली. म्हणजे शेतकऱ्याचा, खाणवाल्याचा असतो तसा पाण्यावर हक्क, पण पाणी उचलण्याचा नव्हे, पात्रात राहू देण्याचा. १९७४ पासून त्या राज्याने आपोआप मासा वाढणाऱ्या नद्यांमध्ये हॅचरीतले ट्राउट सोडणं बंद केलं. मॅडिसन नदीवर त्यांच्याच खात्याच्या शास्त्रज्ञाला आढळलं होतं की पाळीव मासे ओतायचं थांबवलं की नदीतले रानटी मासे वाढतात. उन्हाळ्यात पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३ अंश सेल्सियसला टेकलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायला बंदी येते, कारण तापलेल्या पाण्यात दमवलेला ट्राउट सोडून दिला तरी मरतो. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये यलोस्टोन नदीत एका परजीवीमुळे हजारो मासे मेले, तेव्हा सरकारने १८३ मैल नदी बंद केली. मासेमारी बंद, बोटी बंद, पोहणंसुद्धा बंद. ऐन हंगामात. धंदा बुडाला म्हणून गाईड ओरडले, तरी बंद.

योगायोग बघा. त्याच महिन्यात, २३ ऑगस्ट २०१६ ला, मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी आमच्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचा करार केला. प्राणहिता, गोदावरी आणि आमच्या दारातला पैनगंगेवरचा चनाखा-कोरटा. टीएमसीचे आकडे छापून आले, किती एकर भिजणार ते आलं. माशाचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आला नाही. मी शेतकऱ्याच्या पाण्यावर उठलेलो नाही. जैनद आणि बेल्याच्या कापसाला पाणी मिळालंच पाहिजे. पण पात्रात काही राहणार आहे की नाही, हे विचारायचं कुणी? पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, इसापूरला अडते, आणि उन्हाळ्यात खालची गावं "इसापूरचं पाणी सोडा" म्हणून निवेदनं घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. ती निवेदनं प्यायच्या पाण्यासाठी असतात, बोटीसाठी नव्हेत. त्या दिवसांत पुलावरून खाली पाहिलंत तर पात्रात नाव दिसत नाही, रेतीचे ट्रॅक्टर दिसतात. या नदीत बोट तरंगत सोडायची तर आधी ती ट्रॉलीवर चढवावी लागेल.

ट्राउटचं तर बोलूच नका. दहा ते अठरा अंशांच्या पाण्यात सुखी असणारा हा प्राणी. आदिलाबादला पौषात पारा पाच-सहावर उतरतो आणि मग आपण तेलंगणाचं काश्मीर असल्याच्या बाता सुरू होतात. मेमध्ये तोच पारा पंचेचाळीसला भिडतो, तेव्हा काश्मीर कुठे जातं? पात्रातल्या डबक्यात उरलेलं पाणी हाताला कोमट लागतं. त्यात ट्राउट जगणार नाही, शिजेल. भारतातला ट्राउट मुळात साहेबाच्या घरच्या आठवणीतून आलेला. फ्रान्सिस डे याने १८६० च्या दशकात निलगिरीत तो रुजवायचा प्रयत्न केला, फसला. काश्मिरात १८९९-१९०० च्या सुमारास विलायतेहून अंडी आणली, पहिली खेप वाटेतच गेली, दुसरी जगली. १९०९ मध्ये तिथून कुलूला. जिथे डोंगरातलं थंड पाणी होतं तिथे टिकला, बाकी ठिकाणी नाही. शिवाय ब्राऊन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहेत, कारण जिथे जमतात तिथल्या मूळ माशांचं वाटोळं करतात. नशीब आपलं, की इथे ते जमणारच नाहीत.

पण "ट्राउट नाही तर नाही, दुसरा मासा सोडू" हे वाक्य लगेच पुढे येतं, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. मासा सोडणं हा आमच्याकडे सर्व रोगांवरचा उतारा झालाय. तेलंगण सरकार २०१६-१७ पासून तलावांत आणि धरणांत मोफत मत्स्यबीज सोडतं. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, दरवर्षी कोट्यवधी बोटुकली. गावतळ्यात ते ठीक. सातनाला, मत्तडीवागूसारख्या धरणांवर सोसायट्यांची चूल त्यावर पेटते. पण नदीचा मासा म्हणजे टेम्पोतून आणून ओतायची वस्तू, ही समजूत त्यातून घट्ट झाली. नदीतली मरळ, वाम, शिंगाडा, खवल्या यांची मोजदाद कोण करतंय?

आणि भल्या हेतूने सोडलेला मासाही काय करतो याचं उदाहरण आपल्याच मराठी मुलखातून गेलेलं आहे. लोणावळ्याला वळवणच्या हॅचरीत टाटांच्या वीज कंपनीने १९७० पासून महशीरची पैदास केली. संपत चाललेली जात वाचवण्याचं ते काम, त्याचं कौतुकही झालं आणि व्हायलाच हवं होतं. तिथली पिल्लं कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा, कुबडाचा, महाकाय महशीर होता, जगात दुसरीकडे कुठे नसलेला. कावेरीकाठी गालिबोरेच्या मासेमारी छावणीत गळवाल्यांनी १९९८ ते २०१२ ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की बाहेरून आलेला निळ्या परांचा महशीर वाढत गेला आणि मूळचा ओसरत गेला. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

त्या कावेरीच्या छावण्यांकडे मात्र आमच्या ट्राउटवाल्यांनी जरूर पाहावं, कारण माँटानाची नक्कल करायची तर तिचा देशी नमुना तिथे होता. भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे. बांबूच्या गोल नावेतून स्थानिक नावाडी पाहुण्याला डोहावर नेत, मासा कुठे लागेल ते सांगत, आणि लागलेला महशीर वजन करून, वहीत लिहून परत सोडला जाई. त्या नावाड्यांत काही जण पूर्वी सुरुंगाने मासे मारणारे होते. रोजगार मिळाला तसे तेच नदीचे राखणदार झाले. पुढे ती जागा अभयारण्यात येते म्हणून वन्यजीव कायद्याखाली गळ बंद झाले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. माझ्या दृष्टीने राखणदारांची रोजी काढून घेणं हा शहाणपणा नव्हता. आमच्याकडेही हाच कायदा आडवा येणार आहे: कडेम नदी कवल व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून वाहते, पैनगंगेपलीकडे टिपेश्वरचे वाघ आहेत. कुंतालाच्या धबधब्याखाली गळ टाकून बसू म्हणणाऱ्यांनी तर तिथे बुडालेल्यांची यादी आधी वाचावी.

गळाने मासा धरण्याचा खेळ शिकायला साहेबाकडे जायची तरी काय गरज होती? कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या आसपास 'मानसोल्लास' लिहिला. मराठी माणूस त्या ग्रंथाचं नाव घेतो ते त्यातल्या मराठी शब्दांसाठी. पण त्यात मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे. पस्तीसेक जातींचे मासे, कुणाला कुठलं आमिष, काठी कशी, दोरा कसा, मासा ओढला की ढील कधी द्यायची. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन ज्या पुस्तकासाठी पूजला जातो ते १६५३ चं. पाचशे वर्षं आधी दख्खनच्या राजाने हे लिहून ठेवलं, आणि दख्खनचा माणूस आज ठिपकेवाल्या माशाच्या फोटोला लाइक देतोय.

आता मधे बसलेल्या माणसाकडे येतो. माझा खरा राग तिथे आहे.

भाद्रपदात, पूर ओसरून पाण्याचा गढूळपणा बसायला लागला, की आमच्या काठचा भोई डोंगा काढतो. परवा एकाच्या डोंग्यात बसलो. तो मागे उभा, हातात बांबू. डोंगा असा अरुंद की मी कूस बदलली तरी तो म्हणे, "काका, हालू नका." धारेच्या कडेने उतरताना तो बांबू तळाला टेकवून, रोखून, डोंगा प्रवाहापेक्षा हळू ठेवत होता. माँटानातला गाईड वल्ह्यांनी करतो तेच, आणि या कामाला त्याने कुठे ट्रेनिंग घेतलं नाही. पागाची एक कड दातांत, शिशाच्या गोळ्यांची कड दोन्ही हातांवर विभागलेली, आणि नजर पाण्यावर. एका वळणाला काठाशी पाणी शांत होतं. वर लालसर पिल्लांचा घोळका, तांबूस साय धरावी तसा. मी म्हटलं, "दादा, टाका ना इथे." त्याने दातांतली कड काढली. "हे मरळीचे पिल्ले हायेत. माय खालीच राहते. तिले धरलं तर हे सारे जातीन." आणि बांबू टेकवून डोंगा बाहेर काढला. मरळ हा तेलंगणाचा राज्यमासा आहे हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नाही. पुढे धारेच्या तोंडाशी पाग फेकला, त्यात खवल्या, एक वाम आणि हातभर शिंगाडा. मी त्याला माँटानाची गोष्ट सांगितली, की तिकडे धरलेला मासा सोडून देतात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सोडाचाच हाय तर धरता कशाले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

हा माणूस माँटानात जन्मला असता तर त्याच्या नावावर राज्याचं लायसन्स असतं, महिनोन् महिने आधी त्याचे दिवस बुक झाले असते, आणि आमचे गृहस्थ त्याच्या एका शब्दावर उजवीकडून डावीकडे गळ फिरवत बसले असते. इथे त्याची पोरं शाळेत जात सांगायला लाजतात. तो हायवेच्या कडेला पाटीत मासे घेऊन बसतो, तेव्हा हेच गृहस्थ गाडीची काच अर्धी खाली करतात आणि शिंगाड्याच्या किलोमागे वीस रुपयांसाठी घासाघीस करतात. तिकडच्या नावाड्याला शंभर-सव्वाशे डॉलर बक्षीस देताना हात थरथरला नाही, कारण शेजारी मुलगा उभा होता. इकडे वीस रुपये सोडवत नाहीत. आणि उद्या खरोखरच पैनगंगेत बोटी आल्या तर त्या कुणाच्या असतील? हैदराबादच्या नाहीतर नागपूरच्या कुणा ठेकेदाराच्या. वल्हवायला एखादा इंग्रजी बोलणारा पोरगा, युनिफॉर्ममध्ये. भोयाला काठावर उभं करून "बाजूला व्हा, पाहुणे येतायत" म्हणतील. भोयाची नदी घ्यायची, त्याची विद्या फुकट घ्यायची आणि त्याला मात्र घ्यायचं नाही, याला कुणी विकास म्हणत असेल तर त्याने तो स्वतःच्या अंगणात करावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. पैनगंगेत मार्च ते जून वाहतं पाणी किती राहील ते आधी दोन्ही सरकारांनी कागदावर लिहून द्यावं. ते नसेल तर पुढची सगळी चर्चा पंगतीतली. पाणी राहिलं तर मासा सोडावा लागणार नाही, आमचा मासा आमचाच वाढेल. आणि नदीवर पाहुणा न्यायचा परवाना द्यायचाच असेल तर तो आधी काठच्या भोई, बेस्ता, गंगपुत्र अशा मच्छीमारांच्या सोसायट्यांना द्यावा; ठेकेदाराचं नाव दुसऱ्या पानावर आलं तरी चालेल.

तोवर ज्या कुणाला नदीत उतरायची फारच हौस आली असेल त्याने आश्विन-कार्तिकात यावं. माशांची अंडी-पिल्लं पावसाळ्यात होऊन गेलेली असतात, पाणी निवळलेलं असतं, थंडी सुरू व्हायची असते. काठच्या गावात भोयाचं घर विचारावं. दिवस ठरवायच्या आधी पैसे ठरवावेत, आणि तिकडे डॉलरमध्ये मोजले होते त्याची आठवण ठेवून ठरवावेत. डोंग्यात बसल्यावर हलू नये. तो जिथे पाग टाकू नका म्हणेल तिथे टाकायचा हट्ट धरू नये. आणि संध्याकाळी पैसे त्याच्याच हातात द्यावेत, रोख.